मयूर कळंबेचा रिपोर्ट

पांढुर्ण्याच्या एका पॅथॉलॉजीत मयूर कळंबे अकरा वर्षांपासून टेक्निशियन आहे. हात हलका, म्हणून म्हातारी माणसं दारातूनच विचारतात, "मयूरभाऊ आहे का? त्याच्याच हातानं रक्त देतो." कधीमधी एखादा लग्न झालेला माणूस कागदात गुंडाळलेली वीर्याच्या नमुन्याची डबी खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवतो आणि भिंतीकडे पाहत उभा राहतो. मयूर त्याला नाव मोठ्यानं विचारत नाही. रिपोर्ट चांगला नसला की तो पाकिटात घालून पाकीट चिकटवून देतो. एवढं त्याला कळतं.

स्वतःची डबी मात्र त्यानं सहा वर्षं भरली नाही.

त्याची बायको धनश्री बोरगावची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तिच्या तपासण्या सुरू झाल्या. थायरॉइड, साखर, हार्मोन, सगळं रक्त मयूरच काढायचा, आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच हातानं. सुई टोचताना तो तिच्या तोंडाकडे पाहायचा नाही. रिपोर्ट चांगले यायचे. मग त्याची आई, शकुंतलाबाई, दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढायची. "बोरगाववाल्यायनं सांगाले पाहिजे होतं," असं ती भाजी निवडता निवडता म्हणायची. धनश्री ऐकून घ्यायची. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायची. मयूर गाडी काढायचा, तिला मंदिरापाशी सोडायचा आणि बाहेर थांबायचा.

मग एका रविवारी लॅब बंद असताना तो एकटाच गेला. स्वतःच्या नमुन्याची स्लाइड लावली. एकही शुक्राणू नव्हता. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा थेंब पुन्हा पाहिला. तरी काही नाही. पंधरा दिवसांनी परत तेच. मग त्यानं आपलं रक्त दुसऱ्याच नावानं नागपूरला पाठवलं. हार्मोनचा आकडा दुपटीच्या वर आला, तेव्हा त्याला कळलं की वाट कुठं अडलेली नाही, शुक्राणू बनणंच बंद आहे. त्यानं कागद फाडला आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला शटर वर केलं.

सहा महिने तो गप्प होता. बोललाही नसता कदाचित. पण डॉक्टरबाईंनी धनश्रीची दुर्बिणीची तपासणी ठरवली. पोटाला छिद्रं पाडून आत पाहायचं होतं. आदल्या दिवशी ती बॅगेत टॉवेल भरत होती, तेव्हा तो खाटेच्या कडेला बसला.

"तू उद्या जाऊ नको. दोष माह्यात आहे."

धनश्रीचा हात थांबला. "कधी पाहिलं तुम्ही?"

"सहा महिने झाले."

टॉवेल काढून तिनं त्याच बॅगेत साड्या भरल्या आणि सौसरची बस धरून बोरगावला माहेरी निघून गेली. फोन उचलणं तिनं बंद केलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी मयूरला तपासून सांगितलं, "अंडकोष उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शोधू. एखाद्या कोपऱ्यात शुक्राणू बनत असले तर काढून गोठवून ठेवता येतील. निम्म्या लोकांत सापडतात, निम्म्यांत नाही." सोबत माणूस पाहिजे, असं नर्स म्हणाली. मयूरनं औषधांचा एजंट कुलदीप, जुना दोस्त, त्याला नेलं. हायड्रोसिल आहे, अंडकोषात पाणी भरलंय, म्हणून सांगितलं.

कुलदीपनं कागद न वाचताच सही केली. "एवढ्याशा गोष्टीले भिऊन राहिला का बे?" म्हणाला. दिवसभर बाहेरच्या बाकावर बसला, नारळपाणी घेऊन आला. मयूर शुद्धीवर आला तेव्हा तो उशाशीच होता.

संध्याकाळी कुलदीप चहाला गेला तेव्हा तिथल्या लॅबमधली बाई आली. मयूर तिच्या तोंडाकडे पाहूनच समजला. तरी त्यानं विचारलं, "दोन्ही बाजू पाहिल्या?"

"दोन्ही. चार तास आम्ही दोघी पाहत होतो, दादा."

त्यानं मान हलवली. किती तुकडे होते, कसे पाहिले, असे तीन-चार प्रश्न तो तिला विचारत राहिला, आणि तीही त्याला आपल्यातलाच समजून नीट उत्तरं देत राहिली. डॉक्टर मग आले. दात्याचे शुक्राणू घेता येतील, मूल दत्तक घेता येईल, घाई नाही, असं म्हणाले. कुलदीप चहा घेऊन परतला. "झालं ना? आता मोकळा झाला तू," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मयूर रेल्वेनं घरी आला. चालताना पाय फाकवावे लागत. आईलाही हायड्रोसिलच सांगितलं होतं.

त्यानं धनश्रीला निरोप लिहिला: ऑपरेशन झालं, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. बॅग दारातच ठेवून उभी राहिली.

"दुखून राहिलं का?"

"थोडं."

"एकटेच गेले होते?"

"कुलदीप होता. त्याले खरं सांगितलं नाई."

ती खुर्चीवर बसली. "तुम्ही सहा महिने एकटे होते. मी सहा वर्षं होती. तुम्ही बाजूले बसून पाहत होते."

मयूर भिंतीला धरून उठला आणि आई बसली होती त्या खोलीत गेला.

"आई, हायड्रोसिल नव्हतं. मले मूल होऊ शकत नाई. धनश्रीत काहीच दोष नाई. कधीच नव्हता."

शकुंतलाबाईंचे हात सुपात थांबले. "हळू बोल. शेजारी ऐकतीन."

त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेवढ्याच आवाजात.

धनश्री परत माहेरी गेली नाही. दात्याबद्दल मयूरनं एकदाच विचारलं. "मी सांगीन. मले वेळ द्या," ती म्हणाली. त्याला आता वर्ष होत आलं. शकुंतलाबाई सुनेला टाकून बोलत नाहीत. पोराशी मात्र आजारी माणसाशी बोलावं तसं बोलतात, न मागता दूध आणून देतात. मयूर ते पितो. लॅबमधून आला की धनश्री ताट वाढते, दिवसभराचं दोन शब्द बोलते, आणि तो तिच्या बोलण्यात दात्याबद्दलचं उत्तर कुठं आहे का, हे ऐकत बसतो. विचारत मात्र नाही.