पापलेट समुद्रात आहे

‘आज नाही,’ असं म्हणत बाई फळ्यावरचं पदार्थाचं नाव तळहातानं पुसायच्या. फडकं शेजारीच लटकत असायचं, पण त्यानं पुसण्यात काय मजा? मग खडूनं पांढरा झालेला हात कमरेवर ठेवून त्या गिऱ्हाइकाकडे अशा पाहायच्या, की मागितल्याची त्यालाच लाज वाटावी.

डहाणूत, स्टेशनपासून दोन गल्ल्या आत, त्यांचं सहा टेबलांचं बिस्ट्रो होतं. वीस वर्षं परदेशी जहाजांवर स्वयंपाक करून बाई घरी परतल्या होत्या. बिस्ट्रो हा शब्द गल्लीला पचला नाही. लोक ‘सूपवाल्या मॅडम’ म्हणत. पदार्थ साहेबी, माल मात्र इथलाच आणि त्या-त्या महिन्यातलाच. थंडीत चिकूचा टार्ट, उन्हाळ्यात ताडगोळ्यांचं सॅलड. मी शेजारच्या शाळेतला मास्तर. खाण्याच्या वर्गात मात्र पहिला बाक कधी सोडला नाही.

पहिल्याच जूनमध्ये बाईंची फजिती झाली. सायवनहून रानभाज्यांची टोपली घेऊन येणाऱ्या मावशींकडून त्यांनी शेवळं घेतली आणि त्यांचं फ्रेंच पद्धतीचं क्रीम सूप केलं. दिसायला देखणं! चौथ्या चमच्याला तहसील कचेरीतले साहेब खाकरले. मग मी. मग सगळेच. बाहेरच्याला वाटावं, आत गाण्याचा क्लास चाललाय.

दुसऱ्या दिवशी मावशी पोट धरून हसल्या. “काकडं नाय टाकलीस? त्या आंबट फळांबिगर शेवळं शिजवलीस, तर घसा खाजंल नाय तर काय, बाय!”

बाईंनी सरळ हात जोडले. “चुकलं माझं. शिकव.”

आता शेठ. जागेचे मालक. त्यांना साठावं लागलं आणि मुंबईच्या पाहुण्यांना बिस्ट्रोत जेवण द्यायची हुक्की आली.

“बटरमधलं पापलेट ठेवा.”

“जूनमध्ये मासेमारी बंद असते, शेठ. ऑगस्टमध्ये या.”

“फ्रीजरमधलं आणा की! माझा वाढदिवस काय ऑगस्टमध्ये हलवू?”

“असेल ते प्रेमानं वाढीन. पापलेट नाही.”

शेठ हसले. जागा आपली, म्हणजे शेवटी ऐकणारच, असा त्यांचा हिशेब.

वाढदिवसाच्या दुपारी माझ्यासकट वीस पाहुणे बसले. काकडं घातलेलं शेवळांचं सूप आलं. सुक्या बोंबलाचे लोण्यात परतलेले टोस्ट आले. पाहुणे बोटं चाटत होते. शेठ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते.

“मॅडम, पापलेट कुठंय?”

बाई दारात आल्या. “समुद्रात आहे. अंडी घालतंय.”

पाहुणे खो-खो हसले. खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. शेठ हसले नाहीत. आठवड्याच्या आत जागा सोडायला सांगितली.

माझ्या हसण्याची टोचणी होतीच. मध्यस्थी करून शेठना जरा खाली आणलं आणि बाईंकडे गेलो. “एकदा सॉरी म्हणा. जागा राहील.”

“कशाबद्दल, सर?”

“काहीबाही म्हणा हो. मोठा माणूस आहे.”

“शेवळं चुकली, तेव्हा मावशींपुढे हात जोडले. शेठच्या बाबतीत माझं काय चुकलं?”

वर्गात मी मुलांना सहज सॉरी म्हणायला लावतो. बाईंना लावता आलं नाही.

आता तिथे दुसरं हॉटेल आहे. बारा महिने पापलेट मिळतं. बायको म्हणते, “एकदा जाऊन तर या.” मी जात नाही. माझाही थोडा हट्ट आहे.

निघताना बाईंनी टेबलं गल्लीत वाटून टाकली. एक माझ्याकडे आलं. ओव्हनला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. टेम्पोवाला दोरी घेऊन पुढे झाला, त्यालाही हटकलं, “पत्रा चेपेल!” आणि स्वतःच मागे चढून ओव्हनला मिठी मारून उभ्या राहिल्या.

“कुठे जाणार?” मी विचारलं.

“हा ओव्हन बसेल तिथं!”

टेम्पो चारोटीच्या रस्त्याला लागला. आम्ही सगळे हात हलवत राहिलो. बाईंनी हलवला नाही. खड्डे फार होते आणि ओव्हन धरायला त्यांना दोन्ही हात लागत होते.