फिनेलमास्तरांची पदकं

शाळेच्या सभागृहात फळ्यावर ‘रणवीर गुरुवर्यांना श्रद्धांजली’ असं वाचूनच मास्तरांच्या मुलीच्या कपाळाला आठी पडली. मग खुर्चीवर ठेवलेला वडिलांचा फोटो तिने जवळ जाऊन पाहिला. फोटोतल्या अण्णांच्या छातीवर तीन पदकं होती. अण्णांच्या छातीवर जन्मात खिशातल्या पेनाशिवाय काही लागलं नव्हतं.

“स्टुडिओवाल्याकडून मुद्दाम चिकटवून घेतली,” मुख्याध्यापक म्हणाले. “काय रुबाब आलाय नाही?”

अण्णा अठरा वर्षं फौजेत होते, हे खरं. तिथे ते छावणीसाठी संडासाचे चर खणायचे, त्यात चुना टाकायचे, पिण्याचं पाणी तपासायचे. शिक्षक झाल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात सांगून टाकलं होतं, “मी एकही गोळी झाडली नाही. पण माझ्या छावणीत हगवणीनं एकही माणूस मेला नाही. चला, भूगोलाचं पुस्तक काढा.” पुढे एकवीस वर्षं, रोज शाळा भरायच्या आधी, ते स्वतः बादली-खराटा घेऊन शाळेचे संडास धुवायचे. पोरं फिनेलमास्तर म्हणायची. तेही ओ द्यायचे. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीत ठेवलेला. ही शक्कल तेव्हाच्या नव्या गणिताच्या सरांची. “मास्तर, जरा लांबून बोला हो, आत्ताच डबा खाल्लाय!” तेच सर आता मुख्याध्यापक होऊन डोळ्यांना रुमाल लावत होते. तेव्हा हाच रुमाल नाकाला असायचा.

“फोटो इथे कायमचा लावायचाय,” त्यांनी कागद पुढे केला. “घरच्यांची संमती म्हणून तेवढी सही करा.”

“पदकं खोटी आहेत, सर.”

“अहो ताई, भावना खऱ्या आहेत ना! संडास खणायचे म्हणून सांगू का पाहुण्यांना? तुमच्याच अण्णांचं हसं होईल.”

सही केली, तर अण्णा भिंतीवर जन्मभर खोटं बोलत राहणार होते. ती उठली आणि मागच्या आवारात गेली. संडासाला गंजकं कुलूप. दाराखालून काळपट ओघळ, त्यावर घोंगावणाऱ्या माशा. दोन मुली नाक दाबून भिंतीआड जागा शोधत होत्या.

ती परतली ती थेट माईकवर. “माझे वडील लढले नाहीत. त्यांनी घाण काढली. तुमचीसुद्धा. आज मागे जाऊन बघा, किती साचलीय.” मग फ्रेमच्या पाठीमागचे खिळे वाकवून तिने फोटो काढून घेतला.

“ताई, फ्रेम शाळेची आहे हं!” मुख्याध्यापक दबक्या आवाजात ओरडले.

“ठेवलीय की.”

गोंधळलेल्या सूत्रसंचालकाला हातातल्या कागदावर पुढची ओळ सापडली. “आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.” सगळे उभे राहिले. मुख्याध्यापक सगळ्यांत पुढे, मान सगळ्यांत खाली घालून, रिकाम्या चौकटीसमोर.