मी ओ दिली नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, मुलाला नाही, भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या माझ्या शेजारणींना तर नाहीच. आणि मी किती बोलते ते त्यांनाच विचारा. सब्जीवाल्याशीसुद्धा मी अर्धा तास उभी असते. एवढं बोलणाऱ्या बाईच्या पोटात एखादी गोष्ट इतकी वर्षं राहते, म्हणजे ती कशी असेल?

तशी अर्धी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. 'बाबा चीनमध्ये हरवले' ही आमच्या घरातली हसायची गोष्ट. लग्नात, हळदीकुंकवाला, कुणी ना कुणी म्हणायचंच, काकू, ती चीनची सांगा ना. मग मी सांगायची. हातवारे करून, ह्यांच्या चालण्याची नक्कल करून. हे बाजूला बसून कसनुसं हसायचे.

उरलेली अर्धी आज सांगते. सांगते म्हणजे — सांगायला बसले आहे. बघू.

कोरोनाच्या आधीची गोष्ट. मुलगी मीनल तेव्हा कुनमिंगला एका शाळेत शिकवत होती. चीनचा तो दक्षिण-पश्चिम कोपरा, डोंगराळ, हवा आपल्या पचमढीसारखी. ऑक्टोबरात तिकडे सगळ्यांना आठवडाभर सुट्टी असते, त्या सुट्टीत ती आम्हाला फिरवणार होती. ऐनवेळी तिचा पाय मुरगळला. मी म्हटलं राहू दे, घरीच बसू, गप्पा मारू. गप्पांसाठीच तर मी गेले होते ना. पण ह्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे. म्हणाले, आपण दोघंच जाऊ. पाठीवर सॅक टाकून.

मीनल हसायलाच लागली. "बाबा, तुम्ही काय कॉलेजातले आहात?"

"कॉलेजात असताना कुठे जायला मिळालं," हे म्हणाले. बस, एवढंच.

तसा हा माणूस बोलतच नसे. अमरावतीहून नोकरीसाठी भोपाळला आला, सारी उमर आमचं तेव्हाचं आनंद नगरचं घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. पण रस्त्यांचं वेड भारी. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून जुन्या भोपाळच्या गल्ल्यांत शिरायचे आणि कुठून तरी तिसरीकडूनच बाहेर पडायचे. मी कधी रस्ता चुकलो नाही, हा त्यांचा एकच अभिमान. कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण चालण्यात दिसायचा. माझ्या पुढे चालायचे. नेहमी. मागे वळून बघायचे नाहीत, कारण मी मागे आहे हे त्यांनी धरलेलंच असायचं.

तर आम्ही निघालो. आधी दाली, मग लिजियांग. मी सलवार-कमीज आणि स्पोर्ट शूज, पाठीवर सॅक, त्यात मेथीचे ठेपले. तिथले लोक आमचे फोटो काढायचे. दृश्यं काय सांगू, बर्फाचा डोंगर अगदी गावाच्या डोक्यावर. पण मला खरं सांगू का? मला फार एकटं वाटत होतं. दिवसभर माझ्या तोंडातला एक शब्द कुणाला समजत नव्हता. ज्याला समजत होता तो आमच्या दोघांतल्या एकुलत्या फोनमधल्या नकाशात डोकं घालून चालत होता. मी म्हणायची, अहो, ते बघा, पनीरसारखं काहीतरी काडीला गुंडाळून भाजताहेत. हे म्हणायचे, हं. मी म्हणायची, अहो, तुम्हाला आपल्या लग्नातलं ते आठवतं का? हे म्हणायचे, हं, इथून डावीकडे.

आता इथे एक गोष्ट मध्येच सांगावी लागेल. माझं नाव. माहेरी मी शकू. लग्नात ताटातल्या तांदळांत ह्यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं — मृणालिनी. स्वतः निवडलेलं. सगळ्या बायका म्हणाल्या, वा, काय नाव काढलंय. आणि त्यानंतर ते नाव ह्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. सासूबाई सूनबाई म्हणायच्या, भोपाळात मी भाभीजी झाले, मग आंटी. आणि ह्यांची मी — 'अगं'. आमच्या पिढीत तसंच होतं, मीही ह्यांना 'अहो'च म्हणायची. तेव्हा तक्रार कसली? पण मनात असायचं. लिहिलं कशाला मग, जर हाक मारायचीच नव्हती?

लिजियांगचं जुनं गाव म्हणजे दगडी गल्ल्या, गल्लीच्या कडेने वाहतं स्वच्छ पाणी, लाकडी घरं, लाल कंदील. सुट्टीमुळे आपल्याकडे जत्रेत असते तशी गर्दी. हे पुढे, मी मागे. आणि माझ्या डोक्यात आलं — थांबून तर बघू. किती वेळाने वळून बघतात ते बघू.

शालींचं दुकान होतं. बाहेर दांडीला शाली लटकवलेल्या, अगदी जमिनीपर्यंत. मी आत शिरून त्यांच्या मागे उभी राहिले. दुकानातली पोरगी हसली, तिला वाटलं मी निवडते आहे.

बराच वेळ काही झालं नाही. मग हाक आली. "अगं."

विचार करा, त्या एवढ्या गर्दीत, त्या देशात, 'अगं' हा शब्द कुणासाठी होता? एकाच बाईसाठी ना? मी ऐकली. ओ दिली नाही.

हे परत आले, दुकानासमोरून गेले. शालींच्या फटीतून हात घातला असता तर त्यांची सॅक हाताला लागली असती. "अगं, कुठे आहेस? अगं." मी म्हटलं — मनात म्हटलं — नाव घ्या. एकदा. आज तरी. घ्या की मी आलेच.

पुलापर्यंत गेले, परत आले. शाली विकणारी पोरगी आता त्यांचीच नक्कल करायला लागली, बारीक आवाजात, "आगा, आगा". मलाही हसू आलं. हो, आलं. मग ते लोकांना विचारू लागले. आता विचारणार तरी कसं? हाताने माझी उंची दाखवत होते, आणि बोट स्वतःच्या कपाळाच्या मधोमध टेकवत होते — टिकली. टिकली लावलेली बाई पाहिलीत का? लोक मान हलवून पुढे जात होते. तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर भीती होती. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

तेव्हा तरी बाहेर यायला हवं होतं ना? मी आले नाही. मला — कसं सांगू — मला बरं वाटत होतं. कुणीतरी मला शोधत होतं.

मग ते दिसेनासे झाले. मी पाण्याच्या कडेकडेने चालत आमच्या गेस्ट हाऊसवर परत आले. रस्ता सोपा होता. चहा प्यायले.

हे आले ते दिवेलागणीला, एका पोलीसबाईबरोबर. सॅकचा एक पट्टा तुटलेला, पॅंट गुडघ्याशी ओली. कुठे पाय घसरला होता ते मी विचारलंही नाही. पलंगावर बसले आणि म्हणाले, "तुला फार हाका मारल्या गं. मग फोनही बंद पडला, रस्ताच कळेना मला."

मी म्हटलं, "मी तर तिथेच होते. तुम्हीच पुढे निघून गेलात. हाका? मला नाही ऐकू आल्या."

निघताना मीनलने गेस्ट हाऊसचा पत्ता चिनी अक्षरांत लिहून दिला होता, तो कागद दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिशातून काढून माझ्या हातात ठेवला. "तू ठेव," म्हणाले. आणि त्या दिवसापासून ते माझ्या मागे चालायला लागले.

तिथे सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, मिटलं असतं. मी मात्र भोपाळला येऊन गोष्ट रंगवायला लागले. पुढे एकदा कोलार रोडवर ह्यांची स्कूटर भलत्याच मोडावर वळली आणि घरी यायला दुपार झाली. रस्ता खोदलेला होता, त्या दिवसांत कुणीही चुकलं असतं. पण मुलगा निखिल पुण्याहून आला होता, तो घाबरला, डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "अंकल को पहले भी ऐसा हुआ है?" निखिल म्हणाला, "हां, चाइना में. पूरा दिन खो गए थे." डॉक्टर माझ्याकडे वळले. "आंटी, आप साथ में थीं?"

हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "जी."

त्या एका 'जी'वर स्कूटर गेली. एकट्याने बाहेर जायचं नाही असं ठरलं. चावी निखिलने काढून घेतली तेव्हा ह्यांनी हातसुद्धा पुढे केला नाही. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. आणि मला वाटलं — आता हे घरी राहतील. माझ्याजवळ. हेही खरंच आहे, लिहून टाकते.

राहिले घरी. बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या शाहपुऱ्याच्या तळ्याकडे बघत बसायचे. फिरायला निघालो की माझ्या ओढणीचं टोक धरायचे. मला हवा होता तसा माणूस मिळाला मला, सदानकदा सोबत. पण बोलणं होतं तेवढंही संपलं.

तुम्हाला वाटेल झालं, हीच ती कबुली. नाही. शालींमागे लपले ते एक वेळ पोरकटपण म्हणा, आणि डॉक्टरांसमोर मी घाबरले म्हणा. त्यापुढचं मला लिहायचं आहे, आणि मघापासून तेवढंच टाळते आहे.

मागच्या वर्षी हे गेले. त्याच्या थोडे दिवस आधी, दुपारी, मी मटार सोलत होते. हे बाल्कनीतून म्हणाले, "अगं, एक विचारू?"

हा माणूस मला कधी काही विचारत नसे.

"त्या गावात मी हाका मारल्या होत्या ना? की तेही मला नुसतं वाटतंय?"

रागाने विचारलं नाही. अगदी हळू विचारलं, कुणी आपलीच वस्तू दुसऱ्याकडून परत मागावी तसं. सगळ्या घराने त्यांना सांगितलं होतं की तुमचं डोकं तुम्हाला दगा देतं. ते सगळं मानून एवढी एकच गोष्ट त्यांनी आत धरून ठेवली होती, की मी हाका मारल्या होत्या. आणि तीही आता सुटत चालली होती. जगात एकच माणूस त्यांना सांगू शकत होता. समोर बसून मटार सोलत होता.

मी म्हटलं, "मारल्या असतील. मला काय माहीत."

हे म्हणाले, "हं." आणि परत तळ्याकडे बघायला लागले.

पुन्हा विचारलं नाही त्यांनी. मीही पुन्हा काढलं नाही. तेराव्याला निखिलने ती चीनची गोष्ट काढली, सगळे रडता रडता हसले. मीही हसले. कुणीतरी म्हणालं, काकू, तुम्हीच सांगा, तुम्ही छान सांगता. मी सांगितली. तशीच, हातवारे करून.

आता घरात मला कुणी 'अगं' म्हणत नाही. बाल्कनीतली खुर्ची तिथेच आहे.

मारल्या होत्या हो तुम्ही हाका. पुलाच्या ह्या बाजूने मारल्या आणि त्या बाजूने मारल्या. मी सगळ्या ऐकल्या. पहिलीसुद्धा.