पहिल्या तोड्याची वांगी

पुण्याची ट्रॅव्हल्स अमरावतीहून संध्याकाळी सुटणार होती आणि दुपार झाली तरी मी वाफ्यातच बसून होते. चांदूर बाजारजवळच्या आमच्या घरामागचा तो वाफा मी एकटीनं केला होता. खत शेणाचं, फवारणी कडुनिंबाची. सभा-मोर्चांच्या पत्रकांवर वाढलेली मी. वाफा धरला तसं स्वतःचं पत्रकही काढलं: 'विष विकत आणून लेकरांच्या ताटात वाढू नका.' बाबांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पत्रकानं वांगे मोठे होत नाही, पोरी." शेण-गोमूत्राच्या जीवामृताचा ड्रम ढवळायला बोलावलं, तर नाक धरून पळाले.

नोकरीसाठी निघताना मी घरच्यांना बजावलं, "माह्या वाफ्याले युरियाचा एक दाणा लागला तं पाहा!"

"जाय ना आता," भाऊ म्हणाला, "बस सुटून जाईन."

पुण्यात पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत माझ्या ग्रो बॅग आहेत. ऊन येतं ते समोरच्या टॉवरनं परवानगी दिली तर. पानं येतात, फुलं गळतात. खालच्या दुकानात 'ऑरगॅनिक' वांगी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मिळतात. त्यांच्याकडे बघून माझं रक्त तापतं. पण खरं सांगायचं तर ते त्याहून जास्त तापायचं व्हिडिओ कॉलवर. भावाचं लग्न झालं, अकोल्याची वहिनी आली आणि तिच्या पाठीमागे माझा वाफा दर महिन्याला थोडा थोडा रुंद होत गेला. वांग्यांशेजारी मेथी आली, कुंपणावर वाल चढला.

हिवाळ्यात घरी गेले तर बाबा बाह्या सरसावून ड्रम ढवळत होते. तोच ड्रम. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. नाक मोकळं! "सुनबाई, गूळ अजून टाकू काय?" असं विचारत होते. मी पत्रकात मागितलं होतं ते सगळं घडलं होतं, फक्त माझ्याशिवाय. लढा जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

मी वाफ्यात शिरले आणि पानं उलटून कीड शोधू लागले. सापडावी अशी फार इच्छा होती.

"ताई, काय पाहून राहिल्या?"

"काही नाही."

"मावा ना? मीबी रोज पायते. सापडला तं मलेबी सांगजा," वहिनी हसली. तिच्यावर रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी मी निघताना तिनं टोपलीभर वांगी तोडली. हंगामातली पहिलीच. आमच्या घरी पहिला तोडा घरात शिजत नाही, तो बाहेरच्यांना द्यायचा. मी होते तेव्हा शेजारच्या काकूंना नेऊन द्यायचे. वहिनीनं सगळी वांगी माझ्या पिशवीत ओतली.

"मी बाहेरची आहे काय?" माझा आवाज चढला. ड्रमपाशी बाबांचा हात थांबला.

 वहिनी म्हणाली, "नाही ना, ताई. मंग राहा चार-पाच दिवस. दुसऱ्या तोड्याचं भरीत आपण सारे खाऊ."

सकाळी पुण्यात ऑफिस होतं. तिकीट खिशात होतं. बाबांनी पिशवीचं तोंड बांधून दिलं.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला आमच्या पगाराचा हेवा वाटतो म्हणे. आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्ही तरी खरं बोला. मला वहिनीच्या त्या चार-पाच दिवसांचा हेवा वाटतो. घर म्हणजे आता मला तेवढंच कळतं: जिथं पहिला तोडा सहज देऊन टाकता येतो, कारण दुसऱ्या तोड्याला आपण तिथंच असणार असतो.

ती वांगी मी पुण्यात शिजवली नाहीत. समोरच्या दारावर टकटक केली आणि शेजारणीला देऊन टाकली. रीतच आहे आमच्या घरची.