विहिरीत न टाकलेला शिपाई

आमच्या काकूचा नियम होता, भंगलेली बाहुली पायरीवर चढत नाही. म्हैसूरला नवरात्रात घरोघर पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, तशा अग्रहार नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरीही मांडायचे. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं. नाक उडालेली, हात मोडलेली बाहुली काकू बाजूला काढायची आणि मागच्या विहिरीत सोडून यायला मला सांगायची. मलाच! कारण नवव्या वर्षी माझ्या हनुवटीवर कोडाचा डाग उमटला होता. म्हणे, डागाळलेल्या पोरीला आणखी काय लागणार?

नऊ दिवस मी पुढच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हाही तिचाच हुकूम. "बायका येतात गं, सुम्ने कशाला चर्चा?" सुम्ने म्हणजे उगीच. आई ऐकून पुन्हा वाती वळायला लागली. तिच्यावरचा रागही माझा अजून गेलेला नाही.

मी एकही बाहुली विहिरीत टाकली नाही. दगड टाकायचे. डुबुक झालेलं काकूला ऐकू जायचं, आणि बाहुल्या न्हाणीघरामागच्या सरपणात जायच्या.

त्यांचा पुढारी एक मातीचा शिपाई होता, उजवा हात खांद्यापासून गेलेला. आमचे पणजोबा इथल्याच राजाच्या घोडदळात होते, म्हणून तो मला घरचा वाटायचा. त्याची गोष्ट मी रचली. त्याला शाप होता. आपल्या माणसांसाठी तो लढेल, पण त्यांचं मोडलेलं काही त्याला जोडता येणार नाही, आणि तो ज्याला शिवेल त्याला तडा जाईल. मान तुटलेली गवळण विचारायची, मग मेल्या, तुझा उपयोग काय? तो म्हणायचा, "तुम्हाला त्यांच्यासारखं करता येत नाही. त्यांना तुमच्यासारखं करीन." हे म्हणताना मला काय गार वाटायचं, म्हणून सांगू!

बाराव्या वर्षी मी ते केलं. काकूला लग्नात माहेरहून रंगवलेला लाकडी राजाराणीचा जोड मिळाला होता. तो सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचा. मांडणीच्या आदल्या दुपारी काकू मंडी मोहल्ल्यात बाजाराला गेली. मी शिपायाला आणलं, बाहुल्यांची पेटी उघडली आणि त्याचा तुटका खांदा राजाच्या गालाला लावला. काही झालं नाही. मग विळीचं टोक घेतलं. शापालासुद्धा हत्यार लागतं. रंग उडाला आणि खालचं पांढरं लाकूड दिसलं, माझ्या डागाएवढंच.

दुसऱ्या दिवशी मी दाराआडून बघत होते. काकूनं राजा हातात घेतला, गाल बघितला आणि तिचा चेहरा उतरला. आता विहिरीत जातो, म्हटलं. तिनं इकडेतिकडे बघितलं, तेलात कुंकू कालवलं, डाग लिंपला आणि राजाला वरच्या पायरीवर बसवलं. आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

संध्याकाळी शेजारच्या बायका येऊन बसल्या, तशी मी शिपायाला घेऊन पुढच्या खोलीत गेले. कुणी अडवायच्या आत राजाच्या गालावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम कन्नडमध्ये विचारलं, "काकू, राजाला कोड आलंय. विहिरीत टाकून येऊ?"

"अय्यो," कुणीतरी म्हणालं. काकूचं तोंड एवढंसं झालं.

"एवढ्याशा डागानं काय होतं?" ती म्हणाली.

हेच मला तिच्या तोंडून हवं होतं. मी शिपायाला राजाशेजारी ठेवलं आणि चटईवर, बायकांच्या मधोमध, मांडी घालून बसले. आता उठवणार कशी? हळदीकुंकवाचं तबक फिरत माझ्यापाशी आलं. काकूनं माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि ती पुढे सरकू लागली. मी तिचं मनगट धरलं, हनुवटी वर केली.

"इथंही लाव."

सगळ्या बघत होत्या. लावावं लागलं तिला.