मामीच्या कोटावरच्या खुणा

चाळीस वर्षं शिवणकाम करणाऱ्या माझ्या मामाची मापांची एकही वही सापडत नाही. "माप डोळ्यांत असतं, वहीत नाही," असं तो म्हणे, असं तिघे जण सांगतात. तिघांपैकी दोघांनी ते तिसऱ्याकडून ऐकलेलं असल्यामुळे ही साक्ष मी एकच धरतो.

जिन्याखालचं दुकान, दोन मशीन, एक इस्त्री. घरच्या मुलांच्या विजारींना तो चार बोटं जादा दुमड ठेवायचा, "मूल वाढतं, कापड वाढत नाही." याचा पुरावा मात्र आहे: माझ्या जुन्या विजारीवर उसवलेल्या तीन घड्यांच्या रेघा अजून दिसतात.

मामी त्याला टोमणे मारायची. "शिंप्याची बायको, आणि अंगावर रेडिमेड. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शिंप्याला गिऱ्हाइकं भरपूर आहेत."

मामीच्या डाव्या खांद्याचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं. विकतचा कोट त्या बाजूने घसरायचा. अखेर गेल्या थंडीत मामाने तिच्यासाठी राखाडी लोकरी कापड कापलं. शिवण कुठून जाईल ते प्रत्येक तुकड्यावर खडूने आखलं आणि गाठोडं बांधलं. पंधरवड्यात तो हृदयविकाराने गेला. तो कोट अंगात घालायचा, एवढंच मामीचं मागणं होतं.

दुसऱ्या मशीनवर बावीस वर्षं बसलेले कारागीर म्हणाले, "खुणा आहेत तोवर काळजी नको, वहिनी. त्याच्या रेघा मला वाचता येतात."

गाठोडं त्यांच्याकडे जाण्याआधी तुकड्यांची छायाचित्रं घ्यावीत, असं मी सुचवलं. मी अभिलेखागारात काम करतो; जुन्या कागदांची छायाचित्रं घेण्यापूर्वी मऊ ब्रशने धूळ झाडायची, ही आमच्या कामाची शिस्त. एकोणीस तुकडे होते. खडू ही धूळच असते, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा सतरा झाडून झाले होते.

कारागिरांनी तुकडे खिडकीच्या उजेडात तिरपे धरून पाहिले. मामाने कडेला सगळीकडे ऐसपैस कापड सोडलं होतं. नेमका आकार फक्त त्या रेघांत होता.

"कोट होईल. अंगावर टाचण्या लावून बसवतो," ते म्हणाले. "पण खांदा त्याने कसा सावरला होता, ते आता कळायचं नाही."

"मग तो तुमचा कोट होईल," मामी म्हणाली. "त्यांचा नाही."

"हो, वहिनी."

मी माफी मागितली. "तुला कुठं ठाऊक होतं," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "राहिलेत ते दोन कशाचे?"

"खिशांचे."

"मग खिसे तरी शिवा."

कारागिरांनी तिथंच बसून दोन्ही खिसे रेघेबरहुकूम शिवले, दोरा तोडला आणि ते हातात धरून थांबले.

"हे आता कशावर लावू, वहिनी?"

मामी उरलेल्या सतरा तुकड्यांचं गाठोडं पुन्हा बांधत होती. गाठ नीट बसत नव्हती.