माझी माय सोशिक नव्हती

माय गेल्याचा निरोप मला जिंतूरला शाळेत मिळाला. सकाळची शाळा होती. पोरींना पाढे म्हणायला लावून मी वर्गाच्या दारात उभी होते आणि परभणीहून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर, आमच्याच गावचा, फाटकातून सरळ माझ्याकडं आला. त्यानं टोपी काढली तेव्हाच मला कळलं. "बाई, तुमची माय काल गेली," तो म्हणाला. काल... म्हणजे मी पोखर्णीजवळच्या आमच्या गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. उन्हाचे दिवस, ठेवता येत नव्हतं, असं जो तो सांगत होता. तापानं ती अंथरुणाला खिळली तेव्हा मला बोलवावं असं कुणालाही वाटलं नाही, न्यायची मात्र सगळ्यांना घाई. ओसरीवर गावातल्या बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच शब्द होता. सोशिक. "लय सोशिक हुती बाई. कधी तोंडातून शबुद न्हाई." माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, डोळ्याला पदर लावून तेच म्हणत होती. ती तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली आणि तेव्हापासून आमच्या घरात तिचाच शब्द चालतो. तेराव्याला तेच ऐकलं, नंतर भेटायला आलेल्या पाहुण्यांकडून तेच. मी गप्प बसले कारण तेव्हा तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि त्या बायकांपुढं मला रडायचं नव्हतं. आता लिहिते. माझी माय सोशिक नव्हती. ती चिडकी होती, भांडखोर होती, आणि तिचा राग अगदी बरोबर होता.

तिला बघायचं तर उन्हाळ्यात बघायला हवं होतं. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण माय पहाटेच माळवदावर चढायची, गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊन, मागं मी आणि माझी धाकटी बहीण कुसुम. कुरडया घालता घालता तिची जीभ सुरू व्हायची. काय काय डोक्यात यायचं तिच्या. बायकांना देवानं दोनच हात का दिले, माहेरची वाट येताना जवळची आणि जाताना लांबची का वाटते, चुलीला रोज सारवायचं तर माणसाच्या तोंडाला का नाही. शेजारच्या कडुलिंबावर तिचा फार जीव. "त्याच्याकडं बघ," म्हणायची, "सगळं रान करपलंय आन् हा फुलायलाय. त्याला कुनी सांगितलं न्हाई ना, आता पानी पिऊ नको म्हनून. गुमान खाली मुळ्या सोडतो आन् पितो." आम्ही पोरी हसायचो. तिच्या बोलण्यात पाणी इतक्यांदा का येतं हे तेव्हा मला कळत नव्हतं. कळलं तेही तिथंच, माळवदावर, शेजारणींच्या देखत. कुणीतरी मला विचारलं, तुझा जन्म कोणत्या महिन्यातला गं? मी सांगायच्या आत माय म्हणाली, "वैशाखातला. हिच्या आंघुळीचं पानी पिऊन जगले मी."

शेजारणींनी माना खाली घातल्या. मायनं सोऱ्या दाबत सगळं सांगितलं. आमच्याकडं बाळंतिणीला पाणी देत नाहीत. पोट सुटतं, दूध पातळ होतं, लेकराला बाधतं, असं म्हणतात. सकाळ-संध्याकाळ सुंठ घातलेलं कोमट पाणी, तेही वाटीनं. माजघराच्या मागं एक खोली आहे, तिच्या खिडकीला गोणपाट ठोकायचं, बाजेखाली शेगडी ठेवायची, ओव्याची धुरी द्यायची आणि बाईला कान बांधून आत निजवायचं. थंडीच्या दिवसांत कुणी असं केलं तर मी समजू शकते. पण वैशाखात? बाहेर पाखरं मरून पडत असताना? माय पहिलटकरीण होती, सोळा-सतरा वर्षांची. तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं म्हणून बाळंतपण सासरीच. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटलेली. मला न्हाऊ घालून सुईण मला पुसायला उजेडात घेऊन गेली, आणि मायनं बाजेवरून वाकून घंगाळात ओंजळ बुडवली. "साबन न्हवतं तवा," ती म्हणाली, "डाळीचं पीठ हुतं. माझ्याच पोटच्या पोरीच्या अंगाचं पानी, त्यात घान कसली?" हे सांगताना तिला लाज वाटत नव्हती. ती का वाटावी? लाज ज्यांना वाटायला हवी होती ते खाली ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

मग हैदराबाद संस्थान विलीन झालं. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात माय पुन्हा त्या खोलीत होती. मी बारा-तेरा वर्षांची, कुसुम खेळत्या वयाची. आदलं वर्ष गावानं जीव मुठीत धरून काढलं होतं आणि आता ओसरीवर रोज माणसं जमत, निजाम कसा गेला, फौज कुठून आली, पुढं काय काय होणार. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा त्या बैठकीत मधोमध. आतून माय मला म्हणाली, "निजाम गेला म्हनायलेत सगळे. ह्या खोलीतली शेगडी कवा जानार, इचार जाऊन." मुलगा झाला होता, म्हणून पहारा जास्त कडक. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दारात बसले होते आणि माय बाजेवरून उठली. केस मोकळे, कान बांधलेले, लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं. भिंत धरत माजघर ओलांडून ती ओसरीवर आली, सगळ्या पुरुषांच्या समोरून रांजणाकडं गेली आणि तांब्या बुडवून घटाघटा प्याली. एक संपला, दुसरा भरला. आत्या धावत आली, "अगं, काय करायलीस, लेकरू मारतीस का," म्हणून तिनं हात धरला. माय म्हणाली, "परवा गाय व्याली तवा तिच्यापुढं बादली ठिवली तुमी. गुळ घालून. मी गायीपरीस बी गेले का?" उरलेलं पाणी तिनं मानेवर ओतून घेतलं. मग आत गेली, शेगडी उचलली आणि मागच्या दारानं उकिरड्यावर नेऊन उपडी केली. आबा जमिनीकडं बघत राहिले.

माझ्या आयुष्यात मी बघितलेली सगळ्यात शूर गोष्ट ही. आणि तिचं बक्षीस तिला काय मिळालं ते ऐका. आठवडा उलटला आणि बाळानं दूध ओढायचं सोडलं. त्याचा जबडा घट्ट मिटला, अंग ताठ होऊन मागं वाकायला लागलं... दोन दिवसांत ते गेलं. त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. आत्यानं ओसरीवर उभं राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, पानी पिऊन लेकरू खाल्लं हिनं. त्यानंतर मायला कुणी बारशाला बोलावलं नाही. बाळंतिणीच्या दारावरून ती चालली की आतल्या बायका दार ओढून घ्यायच्या. शेजारच्या सुनेला दिवस गेले तेव्हा माय आपणहून सांगायला गेली, पोरीला पाणी द्या म्हणून, तर तिला अंगणातूनच परतवलं. ती गप्प नाही परतली. रस्त्यात उभी राहून जे बोलायचं ते सगळं बोलून आली. घरी आत्यानं विषय काढला की माय प्रत्येक वेळी तोडीस तोड उत्तर द्यायची, ताट सरकवून उठायची, कधी दोन-दोन दिवस जेवायची नाही. सोशिक बाई असं करते का? आणि आबा... आबांनी एकदा, फक्त एकदा, तिचा काही दोष नाही असं म्हटलं असतं तर चाललं असतं. ते चांगले गृहस्थ आहेत असं सगळे म्हणतात. असतील.

पुढं मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला परभणीत होते तेव्हा एका नर्सबाईंनी आम्हाला बाळाची नाळ कशी कापावी ते समजावून सांगितलं. धनुर्वाताची लक्षणं त्या सांगत होत्या आणि मला आमचं बाळ दिसत होतं. गंजलेली, मातीतली वस्तू नाळेला लावली की हे होतं. आमच्या बाळाची नाळ गवत कापायच्या विळ्यानं कापली होती, आत्यानं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. सुट्टीत घरी आल्यावर मी मायला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला ठावं हुतं, माझ्या पान्यानं न्हाई गेलं ते." मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता आत्याला सांगू. तर तिनं माझं मनगट धरलं. "न्हाई. लेकरू मारलं म्हनून ऐकून घेनं काय असतं ते मला ठावं हाय. मी तिला ते देनार न्हाई." लोक म्हणतील, बघा, हाच तो सोशिकपणा. अजिबात नाही. तिच्या हातात दगड आला होता आणि तिनं तो मारला नाही, इतकंच. मला मात्र तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

माय गेली तेव्हा कुसुम पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली होती, दिवस भरत आलेले. मायनं तिला शब्द दिला होता, खोलीच्या दारात मी बसणार, बघू कोण आडवं येतंय. तो शब्द राहून गेला. शाळेला सुट्टी लागली म्हणून मी थांबले. परभणीत नव्या मराठी राज्याची तोरणं अजून लटकत होती, त्या आठवड्यात कुसुम मोकळी झाली. मुलगी. मी नवं पातं आणून उकळून ठेवलं होतं. आत्या म्हणाली, हे काय शाळेतलं खूळ, पण नाळ त्यानंच कापू दिली. तेवढ्यावर मी समाधान मानावं असं तिला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून आले तर खिडकीला गोणपाट, बाजेखाली शेगडी, आणि कुसुम लालबुंद होऊन पडलेली. ओठांना भेगा. मी गोणपाट ओढून काढलं, शेगडी बाहेर नेली आणि तांब्या भरून तिच्यापुढं धरला. आणि माझ्या बहिणीनं तोंड फिरवलं. "नको गं अक्का," ती म्हणाली, "लेकराला बाधंल. मायनं पेलं तवा काय झालं, ठावं हाय ना."

मला आत्याचा राग आला होता, गावाचा आला होता, पण त्या क्षणी आला तसा कधी आला नाही. मायच्या पोटच्या पोरीनं हे म्हणावं. ती लहान होती, तिनं जे ऐकलं तेच तिच्या मनात मुरलं. दारात आत्या उभी होती. म्हणाली, "पोरीला कळतंय, तुला कळंना." मी वळले. "आत्या, गेला महिनाभर माय सोशिक हुती म्हनायलीस. आन् त्याच मायनं लेकरू खाल्लं म्हनून दहा वरसं सांगितलंस. दोन्ही कसं खरं असंल? एक काय ते सांग." मग मायनं जे मला बोलू दिलं नव्हतं ते मी बोलले. विळ्याचं. धनुर्वाताचं. परभणीच्या नर्सबाईंनी शिकवलेलं सगळं, एकही शब्द न गाळता, कुसुमकडं बघत. आत्या चौकट धरून खाली बसली. तिच्याही वेळी तिला कुणी पाणी दिलं नसणार, हे मला कळतं. तिनं मुद्दाम काही केलं नाही, तेही कळतं. तरी माझा राग कमी होत नाही. मायला बरं वाटलं नसतं मी हे केलेलं. पण माय नव्हती, आणि कुसुमला तहान लागली होती.

कुसुमनं माझ्याकडं बघितलं. मग कोपरावर उठली आणि तिनं तांब्या माझ्या हातातून ओढूनच घेतला. अर्धं पाणी गळ्यावरून सांडलं. शेजारी दुपट्यातली पोर चुळबुळली, तिच्याकडं बघत असतानासुद्धा ती पीत राहिली. रिकामा तांब्या माझ्यापुढं करून म्हणाली, "अजून आन."

मी ओसरीवर आले. रांजणापाशी आबा उभे होते. सगळं ऐकलेलं असणार. त्यांनी झाकण काढून हातात धरलं होतं, मला पाणी घेता यावं म्हणून. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि आत गेले.